पेशंटबरोबर कोण?

पिंपळगाव बसवंतमध्ये आमच्या गल्लीतल्या कुणाला डॉक्टरकडे जायचं झालं, की आधी उज्वलाताईला विचारलं जाई. नंबर लावायला नव्हे. आत जाऊन बोलायला. केबिनचं दार अर्धं उघडून आतली मुलगी "पेशंटबरोबर कोण आहे?" असं विचारायची, तेव्हा बाकावरून उठणारी बाई बहुतेक वेळा उज्वलाच असायची. काखेत प्लास्टिकची निळी फाइल, फाइलीत तारखेप्रमाणे लावलेले रिपोर्ट.

शेजारच्या भागीबाई डॉक्टरांसमोर बसल्या की त्यांचं सगळं दुखणं पळून जायचं. "बरं हाय," एवढंच म्हणायच्या.

"बरं कसलं?" उज्वला मागून म्हणायची. "जिना चढताना दोनदा बसतात. उजवा गुडघा, आतल्या अंगानं. सकाळी जास्त, ऊन चढलं की कमी. आणि गोळ्या अर्ध्याच खातात, अर्ध्या सुनेला देतात."

डॉक्टर हसायचे. "ताई, तुम्ही इथंच खुर्ची टाका. माझं अर्धं काम होईल."

बाहेर आल्यावर भागीबाई बाकावरच्या बायांना सांगायच्या, "माझं दुखणं माझ्यापरीस हिलाच ठावं."

उज्वलाला हे ऐकायला आवडायचं. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला स्वतःचं म्हणावं असं फारसं काही मिळालं नव्हतं; पण ही एक गोष्ट तिची होती. ती नऊ वर्षांची असताना आईला, नवसाबाईला, कानानं ऐकू येईनासं झालं. डॉक्टर विचारायचे आईला, उत्तर द्यायची उज्वला. कुठं दुखतं, कधीपासून, जेवण जातं का. आईच्या चेहऱ्यावरून ती दुखणं वाचायला शिकली, आणि पुढं सगळ्यांच्याच चेहऱ्यावरून. लग्न होऊन ती ओझरला गेली आणि दीड वर्षात परत आली. का आली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते तसंच राहिलं.

परत आली तेव्हा धाकटा भाऊ हर्षल नऊ-दहा वर्षांचा होता. वडील आधीच गेलेले, आईही दोन वर्षांनी गेली. हर्षल उशिरा बोलायला लागलेला, आणि बोलायला लागल्यावरही शब्द जपून वापरणारा. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच थांबायचा, जणू पुढचा शब्द कुठं ठेवलाय ते आठवतोय. ते थांबणं उज्वलाला सोसायचं नाही. मास्तर विचारायचे, "काल का नाही आलास रे?" हर्षल म्हणायचा, "सर, मी..." आणि फाटकात उभी असलेली उज्वला सांगायची, "ताप होता, सर. एकशे दोन." ताप खरंच असायचा. तिचं सहसा चुकायचं नाही. म्हणून तर तिला कधी कुणी थांबवलं नाही.

पुढं ती द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये लागली आणि आलेला माल उतरवून घेणारी सुपरवायझर झाली. हर्षल तिथंच पिकअप चालवू लागला. बागेत सकाळी घड कापले की कॅरेट भरून गाडी निघायची. ऊन लागायच्या आत माल थंड खोलीत पोचायला हवा, नाहीतर मणी मऊ पडतात आणि परदेशी जाणारा माल बाजूला काढावा लागतो. सीझनमध्ये उज्वलाच्या हातातला फोन खाली ठेवला जायचा नाही. कुठं पोचला, किती वेळ, दारात कंटेनर उभा आहे. ड्रायव्हर तिला घाबरायचे आणि मागं तिची नक्कलही करायचे. हर्षल हसायचा, पण नक्कल कधी करायचा नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी हर्षलनं गाडी चालवणं सोडलं. एका सकाळी किल्ली तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, छातीत धडधडतंय." त्यानंतर तो स्टिअरिंगला हात लावेना. जेवण कमी झालं. हाक मारली की दचकायचा.

उज्वलानं फाइल काढली. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, काही सापडलं नाही, तरी नाशिकला गंगापूर रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. तिथं सगळ्या तपासण्या झाल्या. केबिनमध्ये तीच बोलली. भूक कधीपासून गेली, झोप कशी आहे, आणि हेही, की जानेवारीत निफाडकडची एक सोयरीक मोडली, पोरगी याला मनापासून आवडली होती, तेव्हापासून हा असा आहे. तारखा जुळत नव्हत्या, पण जवळपास होत्या. हर्षल जमिनीकडे बघत होता.

"पेशंटचं बिल भरून या," काउंटरवरच्या मुलीनं आत डोकावून सांगितलं. उज्वला काउंटरवर गेली. रांग होती, दहा-बारा मिनिटं गेली असतील. परतली तेव्हा डॉक्टर लेटरहेडवर काही लिहीत होते.

"हृदय उत्तम आहे," ते म्हणाले. "साधना मॅडमना दाखवा. त्या काउन्सेलर आहेत. महिन्यातून दोनदा इथं बसतात, एरवी ऑनलाइन बघतात. इथं येऊन भेटलात तर बरं." कागदाची घडी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून त्यांनी ते हर्षलच्या हातात दिलं. "हे मॅडमनाच द्यायचं."

दाराबाहेर येताच उज्वलानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि फाइलीत ठेवलं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. घरातले सगळे कागद तिच्याकडेच असत.

जिना उतरताना हर्षल म्हणाला, "ताई, इथं येऊनच..."

"इथं कुठं येतो? अख्खा दिवस जातो. आणि गावातलं कुणी ना कुणी भेटतंच या रोडला. मनाच्या डॉक्टरकडं जातो म्हटल्यावर पुढची सोयरीक कोण आणेल? फोनवर घेऊ. घरच्या घरी."

तो काही बोलला नाही. तिनं ते होकारासारखं धरलं. नेहमी धरायची तसं.

त्याच संध्याकाळी तिनं स्वतःच्या नंबरावरून नोंदणी केली. सहा सेशन एकदम घेतली तर सवलत होती, तिनं सहा घेतली. पैसे गेल्याचा निरोप आला तेव्हा तिला बरं वाटलं. औषध घरात आणून ठेवल्यासारखं. 'जुने रिपोर्ट जोडा' असं लिहिलं होतं तिथं तिनं ईसीजी, रक्त, लघवी, सगळ्याचे फोटो टाकले. पाकीट तेवढं राहिलं. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पाकीट मधल्या माणसानं फोडायचं नसतं, हे ती नऊ वर्षांची असल्यापासून पाळत आली होती. बंद पाकिटाचा फोटो काढून काय उपयोग? मॅडम कधी समोर भेटतील तेव्हा देऊ, असं म्हणून तिनं ते पुन्हा फाइलीत सरकवलं.

पहिल्या गुरुवारी चार वाजता तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. हर्षलला समोर बसवलं, स्वतः शेजारी बसली. साधना मॅडम साध्या होत्या, केस पांढरे, आवाज हळू.

"हर्षल, कसे आहात?"

"ठीक..."

"ठीक नाही, मॅडम," उज्वला म्हणाली. आणि मग सगळं तिनंच सांगितलं.

दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही खूप करता त्यांच्यासाठी. आज मी फक्त हर्षलशी बोलू का?"

उज्वलाला ते लागलं. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं तिला बाहेर काढलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली. घर दोन खोल्यांचं, मध्ये दार नाही, पडदा. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर मॅडमचा आवाज येत होता, मग शांतता, मग पुन्हा मॅडमचा आवाज. "घाई नाही. वेळ घ्या." शांतता लांबत गेली. पन्नास मिनिटांतली मिनिटं अशी फुकट चाललेली तिला दिसत होती. शेवटी ती पडद्याआडूनच म्हणाली, "अरे, सांग ना! त्या लोकांनी नकार कसा कळवला ते सांग!"

"हो," हर्षल म्हणाला. "त्यांनी नकार कळवला."

मॅडमनी मग नकाराबद्दल विचारलं. बिचाऱ्या आणखी कशाबद्दल विचारणार?

पुढच्या दोन वेळा उज्वला मुद्दाम अंगणात जाऊन बसली. पण भांडी घेऊन, खिडकीखाली. हर्षलला भांड्यांचा आवाज येत होता. पाचव्या सेशननंतर त्यानं फोन तिच्या हातात दिला.

"ताई, बास."

"एक राहिलंय. पैसे भरलेत."

"राहू दे. बरं वाटतंय मला."

त्याचा चेहरा बरा नव्हता. तिला दिसत होतं. पण त्यानं पूर्ण वाक्य बोलल्याला इतके दिवस झाले होते, की तिनं त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

जूनमध्ये तो नाशिकच्या सातपूरला गेला. एका गोडाऊनमध्ये माल मोजून घ्यायचं काम, जवळच खोली, पायी जायचं-यायचं. जाताना म्हणाला, "गाडी नाय चालवावी लागत तिथं." पिशवीत तिनं चिवडा, लोणचं, गोळ्यांची पट्टी भरली. निळी फाइलही द्यायला निघाली होती, पण तो म्हणाला, "ती तुझ्याकडंच असू दे." दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलीस का, जेवलो, पाऊस आहे का, आहे.

ऑक्टोबरमध्ये बागांची छाटणी सुरू झाली. पॅकहाऊस बंद असण्याचे ते दिवस. भागीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं म्हणून उज्वला त्यांचे कागद वेगळे करत बसली होती. एवढ्या वर्षांत सगळ्यांचे कागद एकाच फाइलीत आले होते. तेव्हा ते पाकीट हातात आलं. सहा-सात महिने उन्हात-दमटात राहून त्याचा डिंक आपोआप सुटला होता. तिनं फोडलं नाही. ते उघडंच होतं. तरी ती थोडा वेळ ते हातात धरून बसली.

आत चार ओळी होत्या, इंग्रजीत. खोक्यांवरची लेबलं वाचून वाचून तिला इंग्रजी जमायचं. पहिल्या दोन ओळी तपासण्यांच्या. मग लिहिलं होतं, की पेशंटला रस्त्यावरच्या एका घटनेबद्दल बोलायचं आहे. बहिणीसमोर बोलत नाही. कृपया एकट्याला भेटावं.

दहा-बारा मिनिटं. बिलाच्या रांगेत ती उभी होती तेवढी. तेवढ्या वेळात हर्षल बोलला होता.

दुसऱ्या दिवशी ती केरूकाकांकडे गेली. केरूकाका पॅकहाऊसचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, हर्षलला गाडी त्यांनीच शिकवलेली. ते अंगणात टायर बदलत होते.

"काका, हर्षलला रस्त्यात काय झालं होतं?"

केरूकाकांनी पाना खाली ठेवला. "म्हंजे? तुला नाय माहीत?"

"नाही."

"अख्ख्या गावाचं दुखणं तुला ठावं, आन घरातलं नाय?" ते चेष्टेनं म्हणायला गेले, पण तिचं तोंड बघून टायरवर टेकले. मग सावकाश म्हणाले, "कालव्याच्या वळणावर एक माणूस पडला होता. स्कूटरवाला. हर्षल माल घेऊन येत होता. त्या माणसानं हात वर केला म्हणं. हा थांबला नाय. माल उतरवून परत गेला, तर तिथं कुणीच नाय. नुसती टोपी."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या गाडीनं नेला म्हणत्यात. वाचला का गेला, देव जाणे. पोरगा महिनाभर रोज तिथं जाऊन उभा राहायचा. मी म्हणायचो, येड्या, ताईला सांग. तर म्हणायचा, ताईला फोन केला होता तवाच."

उज्वला अंगणातून घरी कशी आली तिला आठवत नाही. फोन मात्र आठवला. दिवसाला चाळीस फोन व्हायचे त्या दिवसांत; त्यातला हा एक तिला आठवू नये अशी तिनं मनातल्या मनात विनवणी केली, पण तो आठवला. दारात कंटेनर उभा होता, मालक डोक्यावर. हर्षलचा आवाज, मागं वारा.

"ताई, इथं एक..."

"एक नाही नि दोन नाही. कळलं मला. कुठं थांबू नको, सरळ ये."

आणि तिनं फोन ठेवला होता. त्याचं वाक्य नेहमीसारखं तिनंच पुरं केलं होतं. आयुष्यभर बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं.

त्या रविवारी तिनं त्याला विचारायचं ठरवलं. काय म्हणायचं ते जुळवून ठेवलं. फोन आला, त्यानं "जेवलीस का" विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं, की ती पुन्हा त्याच्याच तोंडचं सांगायला निघाली होती. वळण, टोपी, सगळं तिला ठाऊक झालं होतं. त्यानं सांगायला काही उरलंच नव्हतं. ती म्हणाली, "जेवले."

नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी तिच्या फोनवर निरोप आला. हर्षल यांचं शिल्लक सेशन आज चार वाजता. ती किती तरी वेळ ते बघत राहिली. त्यानं मॅडमशी परस्पर बोलून वेळ घेतली असावी. नोंद जुनीच, म्हणून निरोप तिच्या नंबरावर. पाच वाजता दुसरा आला: सेशन पूर्ण झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. या वेळी पैसे मिळाल्याचाही होता. ते त्यानं स्वतःच्या पगारातून भरले होते. गोडाऊनचा पगार तिला माहीत होता. मदत करते म्हणायला तिचा हात फोनकडे गेला, पण मग तिला हे कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर गुरुवार हा तिचा वार झाला. चारला दहा कमी असताना निरोप यायचा, पाचला दुसरा. मधला तास ती कामात असूनही कामात नसायची. तो बोलतोय, एवढं कळायचं. इतर दिवशी तिला त्याची जेवढी बातमी मिळायची त्यापेक्षा ही जास्त होती. दर निरोपाच्या खाली निळ्या अक्षरात एक ओळ असायची: आत येण्यासाठी इथे दाबा.

जानेवारीत नवा सीझन सुरू झाला. एका गुरुवारी दोन गाड्यांच्या मध्ये थोडी सवड होती. ती रिकाम्या कॅरेटवर बसली आणि तिनं दाबलं.

पडद्यावर आलं: कृपया थांबा, मॅडम तुम्हाला लवकरच आत घेतील.

तिला हसू आलं, आणि मग नाही आलं. असं बाहेर थांबणं तिला तोंडपाठ होतं. दार उघडेल, कुणी विचारेल, पेशंटबरोबर कोण आहे? ती उठेल, सांगेल: मॅडम, त्याची चूक नाही. त्यानं फोन केला होता. मीच ऐकलं नाही. हे सगळं खरं होतं, आणि त्याला बरं वाटेल असंही होतं. फक्त त्याचा तास तिचा झाला असता.

पडद्यावर ते बारीक चक्र फिरत होतं. तिनं 'बाहेर पडा' दाबलं.

मग तिनं तिथंच बसून त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"एका नोंदीवर माझा नंबर आहे. तो काढायचाय."

"पेशंटचं नाव, मॅडम?"

"हर्षल कोंडाजी विधाते."

"तुम्ही त्यांच्या वतीनं बोलताय का?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्या वतीनं. माझा नंबर काढा."

"मग त्याऐवजी कुठला टाकू?"

त्याचा नंबर तिला पाठ होता. ओठावर आला होता. "ते त्याला विचारा. मॅडमकडे असेल." आणि थांबून म्हणाली, "मी फोन केला होता, हेही सांगा. लपवून काही ठेवायचं नाही."

पुढच्या गुरुवारी चारला दहा कमी असताना तिनं फोन काढून बघितला. काही नव्हतं. पाच वाजताही नव्हतं. गेला असेल, नसेल. दारात गाडी लागली, केरूकाका ओरडले, "ताई, कॅरेट मोजतीस का उभीच राहतीस?" ती मोजायला लागली.

रविवारी त्याचा फोन आला. जेवलीस का. जेवले. थंडी आहे का. आहे. मग त्यानं फोन ठेवला नाही.

"ताई," तो म्हणाला. "मी..."

तिच्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली. तिनं दुसऱ्या हाताची मूठ आवळली आणि गप्प राहिली. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते, कुठं तरी कुकरची शिट्टी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एवढा वेळ तो कधी थांबला होता का, की थांबायचाच आणि तिनं कधी थांबू दिलं नव्हतं?

"ताई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

पुन्हा शांतता. मग तो हळू म्हणाला, "काही नाय. ठेवतो. पुढच्या रविवारी करतो."

"कर," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावरही तिनं तो बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला.